बुकातल्या कांजिण्या

निवृत्त होईपर्यंत मी भिलाईच्या पोलाद प्लांटात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर होतो. शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटं सुरक्षेवर चार शब्द बोलायचे असतात, आणि ते बोलायची हौस आमच्या गटात फक्त मलाच होती. बाकीचे हेल्मेटचा पट्टा आवळत घड्याळाकडे बघायचे, मी मात्र रंगात यायचो. ओळखपत्र परत केलं त्या दिवशी मला प्लांट सुटल्याचं फारसं काही वाटलं नाही. ऐकणारे सुटले याचं मात्र फार वाटलं. शेवटी कोहक्याच्या मैदानात सकाळी फिरायला येणाऱ्या चौघा म्हाताऱ्यांना मी गाठलं आणि विषय थोडा बदलला. प्लांटाची सुरक्षा झाली, आता शरीराची.

शरीराची सुरक्षा मी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानांवरून शिकलो होतो. म्हणजे माझ्याकडे आत्मविश्वासाची अजिबात कमी नव्हती.

"कातडी म्हणजे कंपाउंडची भिंत," मी सांगायचो. "नाकातला चिकटपणा म्हणजे गेटवरचा पहारा. तरी एखादा विषाणू घुसलाच, तर सगळ्यात आधी धावतात त्या सरसकट ठोकणाऱ्या पेशी. कोण आला, कावून आला, काही विचारत नाहीत. ताप येते, अंग मोडून येते, तो सगळा त्यांचा धिंगाणा. खरे इन्स्पेक्टर मागून येतात, आठवडाभरानं. ते एकेका विषाणूचा चेहरा पाहून त्याच्याच मापाची प्रतिपिंडं बनवतात. अन् काम झालं का सगळेच घरी नाही जात. त्यातले काही फोटो घेऊन जन्मभर बसून राहतात. तोच विषाणू पुन्हा आला का गेटवरच धरतात त्याले."

"बरं मंग?"

"मंग काय! मले सातव्या वर्षी कांजिण्या येऊन गेल्या. आता तो विषाणू मले पाहून रस्ता बदलते."

चौघांत एक आमच्याच खात्याचा जुना फोरमन होता. तो म्हणाला, "गुरुजी, विषाणू तुमाले पाहून नाही, तुमचं भाषण ऐकून रस्ता बदलत असन."

मी ते प्रशस्तिपत्र समजलो.

यानंतर पंधरा दिवसांतच माझ्या डाव्या बरगडीखाली जळजळ सुरू झाली. एप्रिल लागला होता. मुलीला आठवा महिना होता आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी हैदराबादहून माहेरी यायची होती. तिच्या खोलीत लावायला म्हणून मी कूलर एकट्यानं उचलला होता, तेव्हा नस दबली असेल असं मी धरून चाललो. बायकोला सांगितलं नाही, कारण कूलर उचलू नका असं ती तीनदा म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी त्याच जागी पाठीपासून पोटाकडे एका ओळीत लाल पुरळ उठलं, आणि चौथ्या दिवशी त्यात पाणी भरलं. नुसतं बनियन घासलं तरी विस्तवावर बसल्यासारखं व्हायचं.

मैदानातल्या बाकावर फोरमननं माझा शर्ट वर केला आणि दोन पावलं मागं सरकला.

"अरे बाप्पा! हे त नागीण होय."

"घामोळ्या होत बे."

"घामोळ्या काय लाईनीत निघतात? पाठीतून निघाली, पोटाकडे चालली. तोंड अन् शेपूट जुळली का माणूस खलास. जामुलले एक बाबा आहे, गेरूनं बांधते. आजच जा."

आता इथं एक सांगायला हवं. माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या प्लांटात आले तेव्हा अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं मागं टाकून आले. आमच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची आणि त्याखालोखाल मान होता तो थर्मामीटरला. शेजारी कुणाच्या मुलाला 'माता' आली की फोडणी बंद, दारात कडुनिंब. आमचे वडील सरळ डिस्पेन्सरीत घेऊन जायचे. अशा बापाचा मुलगा, शरीरशास्त्राचा बाकावरचा व्याख्याता, त्या दिवशी सिमेंट बघून येतो असं बायकोला सांगून जामुलच्या बसमध्ये बसला.

त्या बाबानं पुरळाच्या दोन्ही टोकांशी गेरूच्या जाड रेघा ओढल्या, मधेही लेप दिला, आणि पाच दिवस आंघोळ बंद केली.

"वेळेवर आले," तो म्हणाला. "अजून जुळली नाही."

मी इतका हरखलो की त्याला प्रतिपिंडांबद्दल दोन शब्द सांगायचेही राहून गेले.

दुसऱ्याच दिवशी मुलगी आली. पोट सांभाळत रिक्षातून उतरली आणि वाकायला लागली, तेव्हा मी घाईनं तिला धरलं. उजव्या बाजूनं. डावी बाजू दोन दिवस मी भिंतीकडेच ठेवली होती. पण आंघोळ न केलेला बाप एप्रिलच्या भिलाईत लपून राहत नाही. तिसऱ्या सकाळी माझ्या बनियनवर तिला लाल डाग दिसला.

"बाबा! खून?"

"कुठं? काही नाही. माती लागली."

"वर करा."

"अगं नाही म्हणून राहिलो ना..."

तिनं वर केलंच. गेरूचा लेप बघून तिला वाटलं, कुठंतरी भाजलंय आणि कुणीतरी काहीतरी फासून दिलंय. आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती माझ्या शेजारी खाटेवर टेकली आणि ओल्या फडक्यानं, फुंकर घालत, बोटांनी हळूहळू सगळा गेरू काढला. दोन-तीन फोड फुटले, त्यांचं पाणी तिच्या बोटांना लागलं. ते तिनं पदराला पुसलं. मी डोळे मिटून सुख घेत होतो. मुलगी असावी तर अशी, असं काहीतरी मनात चाललं होतं. माझ्या सगळ्या मूर्खपणांत हा एकच असा आहे ज्याच्यावर मला अजून हसता येत नाही.

त्याच दिवशी दोघी मायलेकींनी मला प्लांटाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर दुर्गकडची, तरुण, छत्तीसगढी. सगळ्या म्हाताऱ्यांना कका म्हणायची. बोलायची हिंदीत, मी मराठीत सांगतो. तिनं पुरळ पाहिलं, कडेला राहिलेला गेरू पाहिला आणि विचारलं, "कका, हे चित्र कुणी काढलं?"

"एक ओळखीचे आहेत."

"किती दिवस झाले?"

"सहा-सात."

"औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोग असतो. ते तीन दिवस तुम्ही चित्रकलेत घालवलेत." तिनं कागद ओढला. "ही नागीण बाहेरून आली नाही, आतून आली. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"सातव्या वर्षी!" मी जरा छाती काढली. "तेव्हापासून मी त्या बाबतीत पक्का..."

"तोच विषाणू आहे हा."

मी छाती परत आत घेतली.

तिनं मला जे सांगितलं ते रविवारच्या पानात नव्हतं, किंवा असेल तर पुढच्या रविवारी असेल. कांजिण्या बऱ्या होतात पण त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्याशी नसांची जी मुळं असतात, तिथं तो दबा धरून बसतो. नसेच्या आत असल्यामुळं रक्तात फिरणारी प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्यावर नजर ठेवायचं काम दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. त्या वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसतात, पण माणूस साठीकडे आला की पेंगायला लागतात. विषाणूला फट सापडते, आणि तो नसेनसेनं कातडीपर्यंत येतो.

"आणि एक नस शरीराच्या एकाच बाजूला पुरते," ती म्हणाली. "उजवीकडे जातच नाही. त्यामुळं तोंड-शेपूट जुळणारच नव्हतं, कका. बाबानं काही न काढताही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा कोण? तुमी त सिमेंट पाहाले गेलते ना?"

तेवढ्यात मागून मुलीनं विचारलं, "हे लागतं का कुणाला? मी हात लावला होता. फोडांना."

डॉक्टरीण लिहायची थांबली. नागीण म्हणून कुणाला लागत नाही, पण त्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, असं तिनं सांगितलं. ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत, ज्यानं लसही घेतली नाही, त्याला यातून कांजिण्या होऊ शकतात. एरवी ठीक आहे, पण आठव्या महिन्यात त्या फुप्फुसात उतरू शकतात. आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाला विषाणू मिळतो, प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती बनवायला आईच्या शरीराला वेळच उरत नाही.

"तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

मुलीनं आईकडे पाहिलं.

"झाल्या ना!" बायकोचा चेहरा उजळला. तिनं पिशवीतून घरच्यांच्या आजारांच्या नोंदींचं प्लांटातलं जुनं मेडिकल बुक काढलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, कोपरे झिजलेलं. लग्नाच्या अल्बमपेक्षा ते तिनं जास्त जपलंय. "हे पाहा, दोघाईले सोबत आल्या होत्या. पहिले पोराले, मंग हिले. लिवलं आहे."

डॉक्टरणीनं पान वाचलं. तारीख, सही, दोन्ही मुलांची नावं. तिचे खांदे सैल झाले. "मग काही काळजी नाही. एकदा झालंय म्हणजे शरीराला आठवण असते."

मुलीनं पोटावर हात ठेवून श्वास सोडला. बायकोनं बुक परत प्लास्टिकमध्ये घातलं. खोलीत सगळ्यांना बरं वाटत होतं. मी सोडून.

कारण त्या पानावरचं अर्धं खोटं होतं, आणि ते मी लिहवून घेतलं होतं.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, मुलगा आठचा. मुलाला कांजिण्या आल्या. घरात साथीचा आजार असला की कामगारानं प्लांटात येऊ नये म्हणून त्या वेळी एक वेगळी सुट्टी मिळायची. मला मिळाली. मुलीला लागू नये म्हणून तिला मी माझ्या आईकडे, भिलाईतच मरोद्याला, सोडून आलो, आणि सुट्टीत कोहक्याच्या घराचं काम काढलं. पण सुट्टी संपत आली तरी स्लॅब पडला नव्हता. मिस्त्री म्हणाला, मालक समोर नसेल तर जबाबदारी माझी नाही. मी डिस्पेन्सरीत गेलो आणि सांगितलं, आता मुलीलाही आल्या, पण आणत नाही, इतर लेकरांना लागतील. डॉक्टर भला माणूस. एकाला आल्या म्हणजे दुसरीला येणारच, म्हणत त्यानं बुकात लिहून दिलं. सुट्टी वाढली, स्लॅब पडला, मी त्याच्यावर उभा राहून पाणी मारलं. बुक बायकोच्या हाती पडणारच होतं, म्हणून तिलाही तेच सांगितलं, मुलगी घरी आल्यावर. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. "मले आधी कावून नाही सांगतलं?" मी म्हणालो, तू काळजी करशील म्हणून. मग वर्षं गेली आणि ते खरंच झालं. मीसुद्धा एकदा-दोनदा लोकांना सांगितलंय, आमच्या दोघांनाही लहानपणीच होऊन गेल्या.

आम्ही खाली औषधाच्या रांगेत आलो. मुलगी आईला म्हणत होती, "मम्मी, तुझं बुक नसतं तर आज टेन्शन आलं असतं ना."

मी चष्मा वर विसरला असं सांगून जिना चढलो. चष्मा माझ्या नाकावर होता, पण तेव्हा कुणी बघितलं नाही.

"डॉक्टर," मी दारातून म्हणालो, "समजा एखाद्याच्या बुकात लिहिलंय झालं म्हणून, आणि झालं नसेल, तर?"

"कोणाच्या?"

"एका ओळखीच्या."

"चित्र काढणारेच?"

मी चष्मा सारखा केला. मग तिनं पेन खाली ठेवलं. "कका, तुमच्या मुलीला परत बोलवा. रक्त तपासावं लागेल. प्रतिपिंडं निघाली तर उत्तम. नाही निघाली तर बाहेरून तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन रायपूरहून मागवून द्यावं लागेल, आणि ते दहा दिवसांच्या आत. म्हणून घाई आहे."

"रक्त घेताना दुसरं काही कारण सांगता येईल का? हिमोग्लोबिन वगैरे?"

"तुम्हीच सांगा कारण," ती म्हणाली. "खरं सांगा. मी खोटं लिहीत नाही."

जिन्याखाली बाक होतं. मी दोघींना बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. सुरक्षेचे पाठ देताना मला कधी शब्द कमी पडले नव्हते. त्या दिवशी चार वाक्यांत संपलं.

बायको आधी बोलली. "म्हणजे मी पोराजवळ कडुनिंबाचं पाणी घेऊन बसली, अन् तुमी स्लॅब टाकून राहिले होते?"

"स्लॅब आपल्यासाठीच..."

"चूप बसा."

मुलीनं स्वतःची बोटं बघितली, बाकावर पुसली, परत बघितली. मग म्हणाली, "आजीला विचारू शकलो असतो. ती असती तर."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि वडील तर त्या सुट्टीच्याही आधी गेले होते. मरोद्याच्या त्या तीन आठवड्यांची साक्षीदार तेवढी एकच होती.

रक्त दिलं. रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मला मागच्या खोलीत ठेवलं, ताट दारात यायचं. फोरमन खिडकीशी येऊन म्हणाला, "गुरुजी, जुळली काय?" मी म्हटलं, नाही, सगळं सुटलंय. मुलगी समोरून गेली की मी सहज बोलावं तसं काहीतरी बोलायचो. "जेवली का गं?" ती "हो" म्हणायची आणि पुढं जायची. तिचा नवरा फोनवर तिला काही विचारत होता आणि ती हिंदीत सांगत होती, "अरे नहीं, पापा ने जानबूझकर नहीं किया." भिंतीतून ते ऐकताना मला वाटलं, हेसुद्धा ती माझ्यासाठी थोडं खोटंच बोलतेय.

शरीराची एक गोष्ट मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळली. बुकात काय लिहिलंय याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं. त्याला जे झालं तेवढंच आठवतं, आणि जे झालं नाही ते कितीही सही-शिक्क्यानिशी सांगा, त्याला माहीतच नसतं. मला हे बाकावर सांगायला फार आवडलं असतं. पण ऐकायला कोणी नव्हतं, आणि बोलायचं तोंडही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरणीचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला, मी दारापर्यंत आलो.

"प्रतिपिंडं आहेत. भरपूर. जुनी आहेत, म्हणजे कधीतरी लहानपणी झाल्यात कांजिण्या. काही करायचं नाही. आणि शेवटच्या महिन्यांत हीच प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात, तेव्हा पहिले काही महिने बाळालाही थोडं संरक्षण."

बायको रडायला लागली. मला वाटलं, आता आपण सुटलो. चेहऱ्यावर थोडं हसूही आलं असावं.

"म्हणजे बुकात लिहिलं होतं ते..." मी सुरुवात केली.

"बाबा," मुलगी म्हणाली. "प्लीज."

मी दारातून एक पाऊल मागं घेतलं.

ती भिंतीला टेकली. मग हळूच म्हणाली, "मम्मी, मला मरोद्याचं एक आठवतं. मोजे. आजोबांचे प्लांटातले जाडे मोजे आजी माझ्या हातांत घालायची, कोपरापर्यंत. एवढी गरमी आणि हातात मोजे. मला वाटायचं तो खेळ आहे. खाजवलं की आजी म्हणायची, मोजे काढले तर मी आंबा नाही देणार."

बायकोनं डोळे पुसले. "मंग आत्याबाईनं मले कावून नाही सांगतलं?"

कारण माझ्या आईनं सांगितलं असतं तर बायको आजारी मुलाला टाकून मरोद्याला धावली असती. आणि मला सांगायचं तर मला आधी तिथं जायला हवं होतं. कोहका ते मरोदा काही परदेश नाही. तीन आठवड्यांत मी एकदाही गेलो नाही. जी सुट्टी मी तिच्या आजारासाठी म्हणून घेतली, त्याच सुट्टीत ती खरंच आजारी होती, आणि मी सिमेंट भिजवत होतो. आणायला गेलो तेव्हा तिच्या अंगावर दोन-चार काळपट डाग होते. आई म्हणाली, मच्छर चावले. मी मान हलवली आणि तिला सायकलवर बसवलं.

"आजी रोज म्हणायची, आज येते तुहा बाप," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

संध्याकाळी ती डॉक्टरणीनं दिलेली लोशनची बाटली आणि कापूस घेऊन माझ्या खोलीत आली.

"तू नको. तुझी आई लावेल," मी म्हणालो.

"मम्मी बोलत नाही तुमच्याशी. आणि मला काही होत नाही, रिपोर्ट आहे माझ्याकडे. सरका."

ती खाटेवर टेकली. तिनं बनियन वर केलं आणि कापूस टेकवला. बरगडीतून आग गेली.

"दुखतं?"

"छे. अजिबात नाही."

तिनं कापूस तसाच दाबून धरला, आणि वाट बघितली.

"दुखतं," मी म्हणालो. "फार दुखतं."

"हं," ती म्हणाली, आणि हात हलका केला.